अवसेच्या रात्रीची नोंदवही

परळीचे नाव घेतले की महाराष्ट्राला दोन गोष्टी आठवतात. एक वैजनाथाचे ज्योतिर्लिंग आणि दुसरे औष्णिक वीज केंद्र. दोन्हींचा संबंध प्रकाशाशी. एकाच्या दर्शनाला दूरदूरचे लोक येथे येतात, दुसऱ्याचा उजेड तारांवरून दूरदूर जातो. अशा गावात राहून अंधाराविषयी लिहायचे म्हणजे जरा विचित्रच. पण गेले दीड वर्ष मी अंधाराच्याच मागे आहे. दर अवसेच्या आगेमागे कॅमेरा आणि तिवई घेऊन घराच्या गच्चीवर जायचे, जमेल तेव्हा गावाबाहेर जायचे, आणि रात्रीच्या आकाशाची छायाचित्रे काढायची, हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग.

ऐकणारा पहिला प्रश्न विचारतो तो यंत्राच्या किमतीचा. दुसरा प्रश्न ठरलेला: ‘त्यासाठी लडाखला जावे लागते ना?’ वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर आकाशगंगेची जी झगमगती चित्रे दिसतात, त्यांनी हा समज पक्का करून ठेवला आहे. आकाश म्हणजे कुठेतरी लांबचे, भारी दुर्बिणीतून बघायचे काहीतरी. माझे म्हणणे उलट आहे. नवशिक्याने सुरुवात आपल्या गच्चीवरून करावी. तिथून मिळणारे चित्र देखणे नसेल, पण ते आपल्या गावाच्या आकाशाचे असेल, त्यावर तारीख असेल, आणि पुढेमागे त्या तारखेला किंमत येईल.

हे मला सुचायला एक धूमकेतू कारण झाला. १९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी वायव्येला दिसत असे. दुर्बीण नको, काही नको. दिवेलागणीनंतर गच्चीवर आले की समोर शेपटासकट उभा. आमच्या गल्लीतली सगळी घरे तो बघायला वर येत. घरात कॅमेरा होता, पण तो लग्नामुंजींचा. छत्तीस फोटोंचा रोल जपून वापरायचा, धुऊन यायला आठवडा लागायचा. तो आकाशावर कोण खर्च करणार? धूमकेतू आला तसा गेला. आज नातीला सांगतो, तेव्हा ती विचारते, ‘आजोबा, फोटो कुठंय?’ तिच्या पिढीचा पुरावा फोटोच. धूमकेतूची ही फेरी सुमारे अडीच हजार वर्षांची, तेव्हा पुन्हा काढीन असेही म्हणता येत नाही.

मुलाने नवा कॅमेरा घेतला आणि जुना माझ्याकडे आला. त्याबरोबर आलेले साधे १८ ते ५५ मिलिमीटरचे भिंगच मी वापरतो. लागणारे बाकी सामान घरातच असते. तिवई नसेल तर ज्वारीची पिशवी कठड्यावर ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवावा, तो हलत नाही. बटण दाबताना बसणारा धक्का टाळण्यासाठी दहा सेकंदांचा टायमर लावावा. विजेरीच्या काचेवर पतंगाचा लाल कागद दुहेरी चिकटवावा, कारण डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ती कमाई क्षणात घालवतो. लाल उजेड तेवढा त्रास देत नाही.

पहिला धडा चंद्राचा घ्यावा. रात्रीचे चित्र म्हणून लोक एक्स्पोजर भरपूर देतात आणि हाती पांढरा ठिपका येतो. चंद्र रात्री दिसत असला तरी तो भर उन्हात असतो. त्याचा फोटो म्हणजे दुपारच्या माळरानाचा फोटो. आयएसओ १०० वर ठेवावा, अ‍ॅपर्चर एफ ११ च्या आसपास आणि वेळ सेकंदाचा शंभरावा-सव्वाशेवा भाग. अष्टमीचा चंद्र पौर्णिमेपेक्षा चांगला येतो, कारण तिरप्या उन्हात विवरांच्या सावल्या पडतात.

दुसरा धडा ताऱ्यांचा, आणि तेथे हिशेब पालटतो. तारे मंद, म्हणून कॅमेऱ्याची पापणी बराच वेळ उघडी ठेवावी लागते. पण पृथ्वी थांबत नाही. ती तासाला पंधरा अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांना एक अंश. पापणी जास्त वेळ उघडी राहिली की ताऱ्याच्या ठिपक्याची रेघ होते. यावर छायाचित्रकारांनी एक ढोबळ नियम केला आहे: पाचशेला भिंगाच्या मिलिमीटरने भागावे, येईल तितके सेकंद. माझ्या कॅमेऱ्याचा संवेदक लहान असल्याने मिलिमीटरची दीडपट धरायची. १८ ची दीडपट २७, म्हणजे साधारण अठरा सेकंद. आयएसओ १६०० ते ३२००, अ‍ॅपर्चर जितके उघडेल तितके. भिंगावरच्या ‘अनंत’ खुणेवर विसंबू नये. आपोआप फोकस बंद करून एखादा ठळक तारा पडद्यावर मोठा करावा आणि तो सुईच्या टोकाएवढा बारीक होईपर्यंत कडे हलके फिरवावे. मराठवाड्याचा हिवाळा कोरडा असला तरी पाण्याजवळ भिंगावर दव धरते. त्याला फडक्याची पट्टी गुंडाळली की बरेच काम होते.

मग चित्र येते. गच्चीवरून आलेले माझे पहिले चित्र पिवळसर होते. आकाश म्हणून जे होते ते चहाच्या रंगाचे, आणि त्यात मृग नक्षत्राचे चार कोपरे आणि मधले तीन तारे, एवढेच. कॅमेऱ्यात बिघाड नव्हता. गावातल्या दिव्यांचा जो प्रकाश वर जातो, तो हवेतल्या धुळीवर, बाष्पावर आणि धुरावर आदळून खाली परततो, आणि त्या उजेडात मंद तारे बुडतात. डोळ्यांना हे चटकन कळत नाही, कारण ते जुळवून घेतात. कॅमेरा जुळवून घेत नाही. आठ दिवसांनी वाण नदीवरच्या नागापूरच्या धरणाकडे जाऊन मी तेच भिंग, तेच सेकंद आणि तोच आयएसओ ठेवून मृगाचाच फोटो काढला. त्या चौकोनातले तारे मोजायला बसलो आणि मोजणी अर्ध्यात सोडली. मधल्या तीन ताऱ्यांच्या खाली एक गुलाबी धूसर डाग होता. तो मृगातला तेजोमेघ, जिथे आजही तारे जन्माला येत आहेत. दोन चित्रे शेजारी ठेवली तेव्हा घरातल्यांना प्रथमच वाटले की म्हातारा काहीतरी कामाचे करतो आहे.

त्याच रात्री बांधावर एक शेतकरी भेटला. शेतीची वीज रात्रीच्या पाळीला, म्हणून तो मोटारीपाशी घोंगडी पांघरून बसला होता.

‘काय गुरुजी, रातच्याला कशाचे फोटो काढायलाव?’

‘चांदण्यांचे.’

‘त्या तर रोजच हैत की.’ मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, ‘ते तिकांडं बघा. आमचा बाप घड्याळ बघत नव्हता. तिकांडं कललं की बैलं सोडायचा.’

मृगाच्या त्या तीन ताऱ्यांना आपल्याकडे तिकांडे म्हणतात. व्याधाने मृगाला मारलेला बाण. त्या माणसाला जे तोंडपाठ होते ते माझ्या वर्गातल्या मुलांना मी तीस वर्षे फळ्यावर खडूने काढून दाखवत आलो. गंमत अशी की शेतकऱ्याच्या तोंडी सर्वांत जास्त असणारे नक्षत्र मृगच, आणि जूनमध्ये ‘मृग लागला’ म्हणतात तेव्हा ते आकाशात दिसत नाही. मृग लागतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जातो, आणि सूर्याच्या पाठीमागचे तारे दिसणार कसे? तो बघायचा हिवाळ्यात. लातूर-धाराशिवकडे येळवस म्हणजे वेळ अमावस्या शेतात साजरी करतात. आंबिल-भज्जी खाऊन लोक संध्याकाळी घरी परततात. तासभर थांबले, तर पूर्वेला मृग वर येताना दिसेल. रात्र अवसेची, माणसे शेतात, हवा स्वच्छ. पहिला फोटो काढायला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.

भूगोलाच्या मास्तराला या छंदात एक वेगळे सुख आहे. परळीचा अक्षांश १९ ला थोडा कमी. म्हणून आमच्या उत्तर क्षितिजापासून ध्रुवतारा सुमारे १९ अंश वर असतो. कॅमेरा उत्तरेला रोखून तासभरात ओळीने फोटो घेतले आणि संगणकावर एकमेकांवर ठेवले, की सगळे तारे ध्रुवाभोवती पंधरा अंशांच्या कमानी काढतात. पृथ्वी फिरते याचा यापेक्षा सोपा पुरावा मला शाळेत कधी देता आला नव्हता. फेब्रुवारीच्या संध्याकाळी दक्षिणेला वळावे, तर अगस्त्याचा तारा आपल्या सर्वोच्च जागी जवळजवळ तेवढाच, साडेअठरा अंशांवर असतो. उत्तरेला ध्रुव आणि दक्षिणेला अगस्त्य, तराजूच्या दोन पारड्यांसारखे. लंडनकराला अगस्त्य जन्मात दिसत नाही. आणि मेअखेरीस रात्री दहाच्या सुमारास स्वातीचा तारा परळीच्या अगदी माथ्यावरून जातो. कॅमेरा पाठीवर निजवून ठेवला, की स्वाती चित्राच्या मधोमध. गावाला गावाचा तारा असतो, तसा हा आमचा.

आकाशाचे छायाचित्र हा प्रकार तसा जुना. सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याचे पहिले छायाचित्र जुलै १८५० मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत घेतले गेले, आणि तो तारा होता आपला अभिजित. पण हे सगळे परदेशातच झाले असे नाही. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी १८८८ मध्ये वेधशाळा उभी केली. तिथली वीस इंची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ते आपली यंत्रे घेऊन सोलापूर जिल्ह्यात करमाळ्याजवळच्या जेऊरला आले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा तळही जेऊरलाच पडला होता. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात काचेच्या पट्ट्यांवर सूर्याच्या प्रभामंडळाची नोंद करायची होती, आणि ती झाली. त्या दिवशी जेऊरच्या माळावर जमलेल्या किती माणसांनी ग्रहण डोळे भरून पाहिले असेल. ते आठवणीत राहिले आणि त्यांच्याबरोबर गेले. राहिल्या त्या काचा.

आमच्या भागाशी याहून जवळचा धागा हैदराबादचा. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात निजामिया वेधशाळा होती, आणि तिने जगातला एक अवाढव्य उद्योग अंगावर घेतला होता. १८८७ मध्ये पॅरिसच्या परिषदेत ठरले की सगळ्या आकाशाचे छायाचित्रांवरून मोजमाप करायचे. आकाशाचे आडवे पट्टे पाडून ते निरनिराळ्या देशांतील वेधशाळांना वाटून दिले. त्यातला विषुववृत्ताच्या दक्षिणेचा १७ ते २३ अंशांचा पट्टा चिलीतल्या सँटियागोकडून पुरा होईना, तो हैदराबादच्या वाट्याला आला. आठ इंची छायाचित्रण दुर्बिणीतून काचांवर तारे घ्यायचे, मग एकेका ताऱ्याची जागा मोजून वहीत लिहायची. १९१४ पासून वर्षानुवर्षे तेथील माणसांनी हेच केले आणि लाखो ताऱ्यांच्या जागा छापून ठेवल्या. या वेधशाळेतल्या एका कर्मचाऱ्याचा मुलगा पुढे हार्वर्डला शिकायला गेला आणि १९४९ मध्ये तिथल्या छायाचित्रणाच्या काचेवर त्याला एक नवा धूमकेतू सापडला. ते वेणू बाप्पू.

निजामियाच्या त्या काचांतली एकही कुणी भिंतीवर टांगण्यासाठी घेतली नव्हती. अमुक दिवशी अमुक तारा इथे होता, एवढेच ती सांगते. पुढच्या माणसाला तुलनेसाठी ते हवे असते. अलीकडचे उदाहरण घ्या. मृगाच्या खांद्यावरचा तांबूस काक्षी तारा २०१९ च्या अखेरीस मंद होऊ लागला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत त्याचे तेज नेहमीच्या निम्म्याहून खाली गेले. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या धुळीने तो झाकला गेला होता, असा उलगडा नंतर झाला. मग तो सावरला. त्या हिवाळ्यात ज्याने गच्चीवरून मृगाचे दोन साधे फोटो काढले, एक डिसेंबरच्या आधीचा आणि एक फेब्रुवारीतला, त्याच्याजवळ एका महाकाय ताऱ्याच्या आजारपणाची नोंद आहे. दुर्बीण नसली तरी.

आता आमच्याच गावाकडे येतो. परळीत ३० मेगावॉटचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला. पुढे २१० मेगावॉटचे तीन संच आले, आणि आज तिथे २५० मेगावॉटचे तीन आहेत. या केंद्राने गावाला पोट दिले, शाळा दिल्या, माणसे दिली. राखही दिली, ती परळीकरांच्या कपड्यांवर आणि पत्र्यांवर पडत आली आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळात पाणी आटले आणि केंद्राचे सगळे संच बंद पडले. २०१५ च्या जुलैत पुन्हा तेच. तेव्हा परळीचे आकाश निवळले होते का? मी दहा जणांना विचारले. कुणी म्हणाले, तारे दुप्पट दिसत. कुणी म्हणाले, काही फरक नव्हता. प्रत्येक जण आपल्या आठवणीवर ठाम, आणि चित्र एकाकडेही नाही. पाण्याची नोंद आहे, विजेच्या युनिटांची आहे, दिंड्या-पालख्यांची आहे. डोक्यावरच्या आकाशाची नोंद ठेवायची असते हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

म्हणून मी आता वही घातली आहे. गच्चीचा तोच कोपरा, तीच दिशा, तेवढेच सेकंद. दर महिन्याला अवसेच्या आगेमागे एक फोटो, आणि वहीत तारीख, वेळ, हवा, आणि गल्लीत नवा दिवा लागला असल्यास त्याचा उल्लेख. ‘अवसेच्या रात्री बाहेर पडू नये’ या घरच्या कायद्यातून मला सवलत मिळाली आहे, एवढीच काय ती या काळातली लढाई. पावसाचे चार महिने वही कोरी राहते. आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग संध्याकाळीच डोक्यावर येतो, ते नेमके आपले पावसाचे महिने. म्हणून ती गाठायची तर फेब्रुवारी ते मे या काळात पहाटे उठावे लागते.

त्यासाठी आमच्या गावात एक हक्काची रात्र आहे, महाशिवरात्र. माघ वद्य चतुर्दशी म्हणजे चंद्र जवळपास नसलेली रात्र. जागरण तर करायचेच असते. संध्याकाळी मृग आणि व्याध माथ्याकडे असतात, आणि पहाटे साडेचारला आग्नेयेला वृश्चिकाचा विंचू आकडा वर करून उभा असतो. त्याच्या शेपटाशी आकाशगंगा दुधाळ होऊन वर चढत असते. एकाच रात्री हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे असे दोन्ही आकाश बघायला मिळते. यात्रेच्या दिव्यांत ते गावातून दिसत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. यात्रेला दिवे हवेतच. पण दर्शन घेऊन दहा-बारा किलोमीटर बाहेर गेले, की ज्या रात्रीसाठी आपण जागतो ती रात्रही दिसते.

तक्रार आहे ती रोजच्या उधळपट्टीची. रस्त्यावरचा दिवा रस्त्यासाठी असतो, पण आपले निम्मे दिवे आजूबाजूला आणि वर प्रकाश फेकतात. नवे पांढरे एलईडी दिवे वीज वाचवतात हे खरे, पण त्यांच्या उजेडात निळा भाग जास्त असतो आणि निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो. उपाय साधा आहे: दिव्याला वरून टोपी, उजेडाचा रोख खाली, रंग जरा पिवळसर, आणि नको तिथे दिवा बंद. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पात हेच केले. आसपासच्या गावांतले दिवे बदलून खाली प्रकाश टाकणारे बसवले, आणि जानेवारी २०२४ मध्ये पेंचला देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. नदी नासली तर सुधारायला पिढ्या जातात. जमिनीतले पाणी उपसले तर भरायला वर्षे लागतात. आकाशाचे मात्र तसे नाही. दिवा झाकला की त्याच क्षणी तारे परत येतात, ते कुठे गेलेलेच नसतात.

नगरपालिकेकडे अर्ज घेऊन जायचे झाले तर मी भाषण करणार नाही. दोन चित्रे ठेवीन, एक गच्चीवरचे आणि एक नागापूरचे, आणि बारा महिन्यांची वही. वाचकांपैकी कुणाकडे जुना कॅमेरा पडून असेल, किंवा रात्रीचे फोटो घेणारा मोबाइल असेल, त्यांनी येत्या अवसेला आपापल्या गच्चीवर जावे. उत्तर कुठे आहे ते पाहावे, ज्वारीची पिशवी ठेवावी, दिवा मालवून वीस मिनिटे बसावे आणि एक फोटो काढावा. तो पिवळा आला तरी पुसू नये. त्यावर गावाचे नाव आणि तारीख लिहून ठेवावी. माझ्या नातीने पहिल्या पानावर तिच्या अक्षरात ‘परळी वैजनाथ’ असे लिहून दिले आहे. वही किती वर्षे चालवायची हे आता तिच्यावर आहे.